हस्तलाघव

या मासिकाच्या वाचकांपुढे मासे धरण्याचा विषय घेऊन यावे, आणि तोही जन्मभर पळीपंचपात्री व संस्कृतची क्रमिक पुस्तके हाताळलेल्या माणसाने, हे धारिष्ट आहे हे मी जाणतो. आमच्या वाईच्या घरी हे मासिक कित्येक वर्षे येते. आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, ते पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढतात. त्यांच्या हातून ते माजघरात जाते, आणि तेथून स्वयंपाकघरात. म्हणजे प्रस्तुत लेख घरातील लहानथोरांच्या नजरेखालून जाणार हे ठरलेलेच. गेल्या संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी अमेरिकेतून दादांना फोन केला तेव्हा एवढेच म्हणालो की, आज मुलाबरोबर तळ्यावर जाऊन आलो. दादा म्हणाले, "छान! तेवढाच हवापालट." तळ्यावर जाऊन काय केले हे सांगण्याचे धैर्य त्या वेळी झाले नाही. ते आता येथे सांगतो.

मी जुनी अकरावीची मॅट्रिक झालेला शाळामास्तर. संस्कृत मात्र लहानपणी आजोबांजवळ आणि पुढे पाठशाळेत शिकलो, व तेच मुलांना शिकविण्यात माझी बरीचशी हयात गेली. निवृत्त होऊन आता ९ वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, आणि तेव्हापासून थंडीचे चार महिने मुलाकडे काढावयाचे असा परिपाठ पडला. मुलगा जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या उत्तरेस राहतो. सूनबाई सुशील आहे, नात गोड आहे. उणे काही नाही. तथापि मुलामध्ये आणि माझ्यामध्ये बोलणे असे फारसे नसे. "प्रकृती बरी आहे ना?" "बरी आहे." "औषध घेतलेत?" "घेतले." त्याची आई हयात होती तोवर ही उणीव जाणवली नाही, कारण तीच आम्हा दोघांमधील टपालखाते होती. शेवटच्या दुखण्यात ती मला एकदा म्हणाली, "त्याला काय आवडते ते तुम्ही त्याला कधी विचारलेच नाही." मी म्हणालो, "विचारीन." विचारले नाही.

कारण त्याला काय आवडते हे मला ठाऊक होते. दर शनिवारी पहाटे तो मोटारीमागे नाव जोडून कोठे जातो हे घरात सर्वांना माहीत होते, आणि माझ्यासमोर त्याचा उच्चार कोणी करीत नसे. तो का, हे सांगावयास २९ वर्षे मागे जावे लागते.

तो तेव्हा ११ वर्षांचा होता. दिवाळीची सुट्टी होती, कृष्णेचे पाणी निवळले होते. शाळेतील दोघा सहकाऱ्यांसमवेत मी घाटावरून येत असता खालच्या अंगाला चारपाच मुले पाण्यात पाय सोडून बसलेली दिसली. त्यांत आमचा मुलगा होता. त्याच्या हातात कळकाची काठी होती, आणि काठीच्या दोराला नुकताच लागलेला वीतभर मासा उडत होता. बाकीची मुले भोयांची होती. मी खाली उतरलो, काठी त्याच्या हातून हिसकावून गुडघ्यावर मोडली, माशासकट नदीत भिरकावून दिली, आणि सर्वांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. त्या मुलांना उद्देशून माझ्या तोंडून जे शब्द गेले ते येथे लिहावयाची आज मला लाज वाटते. मुलगा रडला नाही. घरी येऊन त्याने हातपाय धुतले, परवचा म्हटला, आणि जेवला. पुढे तो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होत गेला, इंजिनियर झाला, परदेशी गेला. लोक माझे अभिनंदन करीत. त्या काठीचा कळक त्याने दोन महिने खपून वाळवला होता, शेकून सरळ केला होता, तासून गुळगुळीत केला होता, हे त्याच्या आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचीत होतो, आणि तसाच वाचीत राहिलो.

तर त्या शनिवारची गोष्ट. मुलाबरोबर नेहमी जाणारे त्याचे स्नेही तापाने पडले, आणि थंडीच्या दिवसांत एकट्याने नावेत जावयाचे नाही असा सूनबाईचा दंडक. तो दंडक योग्यच आहे. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास एकाएकी कोंडतो, हातपाय थोड्याच वेळात चालेनासे होतात, आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. शुक्रवारी रात्री जेवताना सूनबाई म्हणाली, "मग उद्या जाणे नाही." तो "बरं" म्हणाला आणि ताटाकडे पाहू लागला. तसे ताटाकडे पाहताना मी त्याला पूर्वी एकदा पाहिले होते. माझ्या तोंडून निघून गेले, "मी येतो."

पहाटे चारला उठून स्नानसंध्या केली. कानटोपी, दोन स्वेटर, वर मुलाचे जाड जाकीट आणि त्यावर पाण्यात तरंगविणारी बंडी, असा माझा अवतार झाला. सूनबाईने थर्मासमध्ये चहा आणि डब्यात गुळाच्या पोळ्या दिल्या. ती दारात उभी राहून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. लढाईवर जाणाऱ्यांकडे पाहावे तसे.

त्या जलाशयाचे नाव लेक लेनियर. चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड येथे अमेरिकन सैन्याच्या अभियंता दलाने १९५६ साली धरण पुरे केले, त्यामागे हा साठला. क्षेत्रफळ सुमारे ३८,००० एकर. आणि काठ इतका दंतुर, की त्याची लांबी ६९२ मैल भरते. या नदीवर कविता लिहिणारे सिडनी लेनियर (१८४२ ते १८८१) यांचे नाव त्याला दिले आहे. धरणाच्या पाण्याला कवीचे नाव द्यावे ही कल्पना मला फार आवडली. आपल्याकडेही पैठणास नाथसागर आहे, नाही असे नाही. आमच्या धोमच्या धरणाप्रमाणेच याच्याही पोटात जुनी शेते आणि रस्ते आहेत. विशेष म्हणजे खोल भागातील झाडे मुळासकट न काढता तशीच उभी ठेवली. ती पाऊणशे वर्षांनंतरही पाण्याखाली रान होऊन उभी आहेत. त्या रानात आणि बुडालेल्या ओढ्यांच्या घळींत थंडीच्या दिवसांत मासे जाऊन बसतात.

उजाडू लागले तेव्हा आम्ही पाण्याच्या मध्यावर होतो. हवा शून्याखाली दोन अंश, पाणी सुमारे दहा अंश. त्यामुळे अवघ्या तळ्यातून वाफ निघत होती, आणि ती इतकी दाट, की नावेचे पुढचे टोकही नीट दिसेना. वारा नव्हता. मुलाने इंजिन बंद केले आणि पुढील टोकाची विजेची लहान मोटर पाण्यात सोडली. ही मोटर उपग्रहाच्या आधाराने नाव जागच्या जागी धरून ठेवते. नांगर टाकावा लागत नाही, आवाजही होत नाही. त्या शांततेत मी पहिला प्रश्न विचारला. शाळामास्तराची सवय, प्रश्न विचारताना आवाज तपासनिसासारखा झाला. "या थंडीत मासे मिळतात का?"

तो म्हणाला, "मिळतात, पण समजूत काढावी लागते."

मग तो बोलू लागला. इतके सलग बोलताना मी त्याला पूर्वी ऐकले नव्हते. माशाचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब राखणारे नसते. जेवढे पाणी थंड तेवढे त्याचे शरीर थंड. पाणी निवले की पचन मंदावते, भूक उरत नाही, आणि एक लहान मासा गिळला की पुष्कळ वेळ पुरतो. उन्हाळ्यात जो बास मासा पाण्यावर उसळून भक्ष्यावर तुटून पडतो, तोच पौषात २५ ते ५० फुटांवर स्तब्ध राहतो आणि नाकासमोरून काही गेले तरच तोंड उघडतो. अशा वेळी मोठे, चकचकीत, खळखळ करणारे आमिष फेकून उपयोग नाही. सर्व काही लहान आणि हलके करीत न्यावे लागते. दोर सहा पौंडांवर तुटणारा, म्हणजे पावणेतीन किलोही न पेलणारा. केसासारखा बारीक, आणि पाण्यात जवळजवळ अदृश्य. गळ करंगळीच्या नखाएवढा. त्यावर बोटभर लांबीची मऊ प्लास्टिकची अळी, टोकाशी टोचलेली. गळाच्या खाली वीतभर अंतरावर दोराच्या शेवटी सात ग्रॅमचे वजन. वजन तळाला टेकते, आणि अळी तळापासून वर अधांतरी राहते.

या पद्धतीला तिकडे 'फिनेस' म्हणतात. तो शब्द मराठीत कसा आणावा याचा मी नावेत बसल्या बसल्या विचार करू लागलो. नजाकत म्हणावे तर ती मैफलीतील वाटते. सफाई म्हणावे तर झाडलोटीची. मग एकदम 'लाघव' आठवले. लघु म्हणजे हलका, त्याचा भाव लाघव. आणि हाताच्या चपळ नाजूक कौशल्याला हस्तलाघव म्हणतोच. दोर लघु, गळ लघु, आमिष लघु, हालचाल लघु. मी तसे मुलाला सांगितले. तो हसला नाही, पण तो शब्द त्याने दोनदा पुटपुटून पाहिला.

या विद्येचा इतिहासही गमतीचा आहे. टेनेसी राज्यातील चार्ली ब्रूअर या गृहस्थांनी १९७०च्या सुमारास लहान आमिष काहीही न करता नुसते सरळ सावकाश ओढीत आणण्याची रीत प्रचारात आणली आणि तिला नावच 'काही न करणे' असे दिले. वर सांगितलेली वजन खाली आणि गळ वर ही मांडणी आली ती जपानातून. बास हा मासा मूळचा अमेरिकेचा. १९२५ साली तो जपानच्या आशी सरोवरात नेऊन सोडला. तेथे तळी थोडी आणि गळ टाकणारे फार, तेव्हा मासे सावध झाले. सावध माशांसाठी तेथील लोकांनी ही नाजूक रीत बसविली, आणि सत्तर वर्षांनी ती अमेरिकेत परत आली. विद्यार्थी परदेशी जाऊन अधिक शिकून यावा तसे हे झाले.

नावेत एक पडदा होता. ध्वनीच्या लहरी पाण्यात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून खालचे चित्र त्यावर उमटते. झाडांचे बुंधे, तळ, बारीक माशांचे ढग, आणि आमची अळी खाली जाताना दिसणारी रेघ, सर्व काही स्पष्ट. २८ फुटांवर अळी थांबली की एखादी जाड रेघ सावकाश वर येई, क्षणभर थांबे, आणि तशीच परत जाई. शाळातपासणीस येणारे एक अधिकारी मला आठवले. ते असेच वर्गात येत, फळ्याकडे पाहत, आणि एक अक्षर न बोलता निघून जात. त्यांना काय आवडले नाही हे आम्हांला कधीच कळले नाही.

आठ वाजेतो असेच चालले. थंडीने काठीच्या कड्यांत बर्फ धरू लागला. कडी बुजली की दोर सरत नाही, म्हणून मुलगा मधूनमधून काठी पाण्यात बुडवून ती मोकळी करी. एकदा दोन काठ्या एकदम बुजल्या तेव्हा त्याने तिसरी, पाण्यात असलेली काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नाना, ही नुसती धरा. काही करू नका."

मी धरली. न धरण्याचा विचार मनात यावयास जो वेळ लागतो तो मिळालाच नाही.

माझ्या उजव्या हाताला गेली तीन वर्षे बारीक कंप आहे. चहाची कपबशी धरताना ती वाजते. चारचौघांत मला संकोच होतो, आणि म्हणून मी पेला वापरतो. मुलाने पडद्याकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे पाहिले. "असेच," तो हळूच म्हणाला. "लोकांना ही थरथर शिकायला वर्षे लागतात. तुमचा हात आपोआप करतो आहे." खरोखरच पडद्यावर एक रेघ वर येत होती. माझ्या म्हातारपणाचे कोणाला तरी कौतुक वाटले असा हा पहिलाच प्रसंग.

थंडीतला मासा आमिष ओढीत नाही. ओल्या पानाने दोराला चिकटावे तसा किंचित जडपणा येतो, आणि तो आला एवढेच. तो मला जाणवला, आणि मी दोन्ही हातांनी हिसका दिला. अळी सुटून वर आली, मासा गेला.

"हिसका नको, नाना," तो म्हणाला. "जड वाटले की काठी नुसती उचलायची आणि रीळ फिरवायचे. गळ त्याचा तो लागतो." सांगण्यात जरासुद्धा राग नव्हता. मी ३० वर्षे वर्गात चूक करणाऱ्या मुलाला जे स्वर वापरले ते मला एकामागून एक ऐकू येऊ लागले. मी काठी त्याला परत दिली आणि चहा ओतून घेतला.

चहा घेताना त्याने जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली. १९३२ सालच्या जून महिन्यात याच जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेस माँटगोमेरी नावाच्या तळ्यात पेरी नामक तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. दहा किलोंहून थोडा अधिकच. जगातील सर्वांत मोठा म्हणून त्याची नोंद झाली, आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी तेवढाच धरीपर्यंत त्याची बरोबरी झाली नव्हती. "आणि त्या माशाचे पेरीने काय केले?" मी विचारले. "घरी नेला आणि सगळ्यांनी खाल्ला. मंदीचे दिवस होते."

आता विचारावे असे मला वाटले. वाफ विरली होती, पलीकडचा काठ दिसू लागला होता. मी म्हणालो, "तू मात्र सोडून देतोस."

"सगळे सोडतो."

"त्या वेळीही... घाटावर... तो मासा तू सोडूनच देणार होतास ना?"

माझी अशी अपेक्षा होती, किंबहुना मी मनाशी असे ठरवून टाकले होते, की मुलाने केवळ कुतूहलापोटी तो धरला असेल, आणि मी उगाच रागावलो असेन. म्हणजे त्याचे निरपराधित्व आणि माझा उतावीळपणा, दोन्ही क्षम्य ठरतात. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "नाही, नाना. आम्ही भाजून खाणार होतो. त्यांनी मीठसुद्धा आणले होते."

मला हसू आले. ते आवरेना. मुलगाही हसू लागला, आणि आम्ही दोघे त्या निर्जन पाण्यावर इतके हसलो की माझ्या पेल्यातील चहा सांडला. हसणे थांबल्यावर मी हात पुढे केला आणि म्हणालो, "दे ती काठी." या वेळी मात्र विचार करावयास पुरेसा वेळ होता, आणि तो करूनच मी ती घेतली. हे दादांनी कृपा करून लक्षात घ्यावे. फसून झाले असे म्हणावयास मला जागा नाही.

अर्ध्या तासाने तो जडपणा पुन्हा आला. मी काठी उचलली. ती वाकली, आणि खालून कोणी तरी जिवंत असल्याचे मनगटापर्यंत कळले. तोच रीळ किरकिर करीत दोर सोडू लागले. माझी समजूत की काही तरी बिघडले; मी घाबरून तळहाताने ते दाबावयास गेलो. मुलाने माझा हात धरला. "जाऊ द्या. रीळ तसेच लावले आहे. तो ओढतो आहे तोवर दोर जाऊ द्या. थांबला की थोडा गुंडाळा." सहा पौंडांचा दोर दाबून धरला तर तुटतो, सरकू दिला तर त्याच दोराने दुप्पट वजनाचाही मासा येतो. तीनदा तो गेला, तीनदा मी गुंडाळले. चौथ्यांदा तो वर आला.

मुलाने आधी आपले हात तळ्याच्या पाण्यात भिजविले, आचमनापूर्वी भिजवावे तसे. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील बुळबुळीत लेप निघतो, आणि तो गेला तर त्याला रोग जडतो. मासा वीत-दीड वीत लांब, पाठ हिरवट, बगलेवर काळ्या चकत्यांची रांग, आणि पोटाकडे ठिपक्यांच्या ओळी, ओळीने मांडलेल्या. यालाच तेथील लोक ठिपक्यांचा बास म्हणतात. शास्त्रज्ञांनी २००८ पासून त्याला अलाबामा बास ही निराळी जात मानले आहे. त्याचा डोळा माझ्याकडे पाहत होता असे लिहिण्याचा मोह होतो, पण तो कोठेच पाहत नव्हता. गळाचे उलटे टोक मुलाने पकडीने आधीच चेपून ठेवले होते, त्यामुळे तो सहज निघाला. मग त्याने मासा डोके खाली करून पाण्यात सोडला, आणि पडद्यावर एक रेघ तिरपी होत २८ फुटांपर्यंत उतरताना आम्ही पाहिली.

त्याहून खोल तो गळ सोडीत नाही. त्याचे कारण त्याने सांगितले. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. सुमारे दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. तेथून मासा वर ओढला की ती हवा फुगून दुप्पट होते, आणि फार खोलातून आणलेला मासा सोडला तरी पुन्हा खाली जाऊ शकत नाही. पाण्यावर उताणा तरंगत राहतो. तसे होऊ नये म्हणून पुष्कळ मासे खोलात दिसत असूनही तो ते सोडून देतो.

हे सर्व ऐकून घेतल्यावर माझ्या मनातील पंडित जागा झाला. मी म्हणालो, "भुकेने मारून खाणारा एक, आणि पोट भरलेले असता धरून, दुखवून, सोडून देणारा एक. यांत अधिक निर्दय कोण?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "याचे उत्तर माझ्याजवळ नाही, नाना. मी काळजी घेतो, पण त्याला दुखत नसेल असे म्हणणार नाही." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "तुम्ही म्हणत असाल तर नाव विकून टाकतो."

तो ४० वर्षांचा आहे. त्याच्या हाताखाली माणसे काम करतात. मी एक शब्द बोललो असतो तर त्याने खरोखर नाव विकली असती, आणि रात्री हातपाय धुऊन निमूट जेवला असता. माझा प्रश्न अद्यापही मला बरोबर वाटतो. मासा हा खेळ नव्हे असेच माझे मत आहे. परंतु त्या क्षणी मी म्हणालो, "गुळाची पोळी काढ. तूप थिजले असेल."

परत येताना मोटारीत मला एक गोष्ट सांगावयाची होती, आणि ती नावेत सांगता आली नव्हती. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर या राजाने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. राज्य कसे मिळवावे येथपासून स्वयंपाक, गायन, हत्तींचे खेळ येथपर्यंत राजाला जे जे ठाऊक असावे ते त्यात शंभर अध्यायांत सांगितले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी तो तीन खंडांत संपादून प्रसिद्ध केला; पहिला खंड १९२५ साली निघाला. त्यातील विनोदांच्या भागात, म्हणजे राजाने मन रमवावे अशा गोष्टींत, 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना खाद्य काय घालावे, आमिष, दोर आणि गळ कसे असावेत, हे सारे शुद्ध संस्कृतात.

मुलगा लक्षपूर्वक ऐकत होता. "ग्रेट आहे," तो म्हणाला. "हे तुम्ही कधी वाचले?"

"पाठशाळेत असताना."

मोटार चालली होती. त्याने हिशेब केला असावा. "म्हणजे त्या दिवशी घाटावर तुम्हाला हे माहीत होते."

"होते," मी म्हणालो. "सोबत दोघे मास्तर होते. लोक काय म्हणतील एवढेच तेव्हा सुचले. काठी मोडली ते माझे चुकले."

त्याने रस्त्यावरील नजर काढली नाही. "दोन महिने तासली होती ती, नाना," तो म्हणाला. २९ वर्षांत त्याने माझ्याजवळ केलेली ही एकच तक्रार. घर येईतो आम्ही बोललो नाही. पण ते न बोलणे निराळे होते, आणि मला त्याचे भय वाटले नाही.

त्यानंतर मार्चपर्यंत मी सहा वेळा तळ्यावर गेलो. काठी मात्र पुन्हा हातात घेतली नाही. एक मासा माझ्या खाती जमा झाला तेवढा पुरे, असे मी ठरविले. मी पडद्याकडे पाहून रेघ दिसली की सांगतो, चहा ओततो, आणि गाठी मारून देतो. तर्कशास्त्रात हे बसत नाही हे मला कळते. दादांनी पत्रातून खुशाल खंडन करावे.

गाठीचे शिक्षण त्याच रात्री झाले. जेवणानंतर मुलगा मेजावर दोराचे रीळ, गळ आणि वजने मांडून बसला होता, शेजारी नात. त्या गाठीला पालोमार म्हणतात. दोर दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवायचा, सैल गाठ घालायची, त्या फासातून अख्खा गळ काढायचा, आणि थुंकीने ओला करून आवळायचा. जानव्याची ब्रह्मगाठ मी मुंजीपासून बांधत आलो. मला वाटले, हे काय अवघड आहे. पहिली सुटली. दुसरी उलटी बसून गळ खालच्या अंगाला वळला, आणि नात टाळ्या पिटून हसली. तिसरी बसली. मुलाने ती ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, आणि मान हलविली. गाठीपाशी दोराचे एक लांब टोक लोंबत राहिले होते, ते नीटनेटके करावे म्हणून मी कातरी उचलली.

"ते कापू नका, नाना," तो म्हणाला. "वजन तिथेच बांधायचे असते."